अर्धी तुझी, एक माझी

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला अकरा जण बोलले. सरपंच बोलले, दवाखान्याचे डॉक्टर बोलले, एकदा तू ज्याला भर नाक्यावर झापलं होतंस तो टेंपोवालाही बोलला. ‘कंपाउंडर भाऊंच्या हाताला गुण होता,’ असं जवळजवळ प्रत्येकाने म्हटलं. मी बोलले नाही. वीस-बावीस वर्षं वर्गात तोंड चालवणारी बाई सख्ख्या भावाबद्दल दोन वाक्यं बोलली नाही, हे लोकांच्या लक्षात आलंच. वहिनीने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या वन्सं, गळा दाटलाय तुमचा.’ गळा दाटला नव्हता. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय चारचौघांत तुझं कौतुक करायला मला तोंड नव्हतं.

गोष्ट रत्नाची आहे. तू म्हणशील, त्यात मला माहीत नाही असं काय आहे? आहे. तेरा वर्षं मी ते तुझ्यापासून लपवलं. पण त्यासाठी आधी गोळीकडे यावं लागेल, आणि गोळी म्हटली की आपलं जुनं भांडण आलंच. तू म्हणायचास, ‘तू मागितलीस.’ मी म्हणायचे, ‘तू दिलीस.’ वहिनी वैतागून चुलीकडे निघून जायची.

मी शाळेत नवी लागले होते. लोधिवलीच्या आपल्या वस्तीतली मी पहिली मास्तरीण. तपासणीला साहेब येणार म्हटलं की तीन दिवस आधीपासून माझी छाती धडधडायची, तळहाताला घाम सुटून खडू निसटायचा. मी चुकले तर एकटी चुकणार नाही, अख्ख्या वस्तीची मान खाली जाईल, असं वाटायचं. काही लोक ते तोंडावर बोलूनही दाखवायचे. तू चौक गावच्या नाक्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नुकताच लागला होतास. डॉक्टरांनी नाडी बघितली, हसले आणि पंधरा दिवसांसाठी पिवळी गोळी लिहून दिली. तू ती कागदाच्या पुडीत बांधलीस आणि पुडीवर ‘रात्री एक’ अशी झोकदार अक्षरं काढलीस. त्या आठवड्यात मी साहेबांसमोर पानिपताचा धडा असा घेतला, की त्यांनी शेरेबुकात ‘बाई शांत व आत्मविश्वासू’ असं लिहिलं. तू ते वस्तीभर सांगत सुटलास. पंधरा दिवस संपले तेव्हा पुढची पुडी मी मागितली की तू आपणहून दिलीस, हे मला खरंच आठवत नाही. मी ती गोळी नऊ वर्षं घेतली. एकीच्या दोन कधी झाल्या, तेही आठवत नाही.

त्या काळात गोळीचा काय रुबाब होता! औषध कंपनीचा टाय लावलेला माणूस यायचा आणि सांगायचा, हिची सवय लागत नाही, मोठमोठे साहेब घेतात. तू ते जसंच्या तसं वस्तीत आणून सांगायचास. बायांनी त्यावर आपलं शास्त्र रचलं. शेतावर राबणाऱ्याला अंगाचं मलम लागतं, तसं बाईंचं डोक्याचं काम, म्हणून बाईंना डोक्याची गोळी लागते. मग कुणी लेकीच्या पाठवणीला, कुणी मयताच्या घरी, कुणी सासूशी वाजल्यावर तुझ्याकडे ‘बाईंची गोळी’ मागायला यायची. तू नाही म्हणायचास, मग एखादी द्यायचास. आणि मी? मी जयंतीला मंडपात उभी राहून दारूबंदीवर भाषण ठोकायचे. बिडी, दारू, मिश्री, एकेकाला फैलावर घ्यायचे. माझ्या पर्समध्ये पुडी असायची आणि तिचं नाव मला त्या यादीत घालावंसं कधी वाटलं नाही.

एकदा डॉक्टर गावाला गेले होते आणि दवाखान्यातला साठा संपला. चार दिवस गोळी मिळाली नाही. पाढे म्हणणाऱ्या पोरांचा आवाज मला सहन होईना. हात इतके थरथरत होते की हजेरीपटावर रेघ सरळ येत नव्हती. एका मुलाच्या पाठीत मी धपाटा घातला, आयुष्यात पहिल्यांदा. पाचव्या दिवशी गोळी आली, अर्ध्या तासात मी पुन्हा शहाणी झाले. आपण दोघांनी त्यातून काय अर्थ काढला, आठवतं? तू म्हणालास, ‘बग, तुला किती गरज हाय तिची.’ मला ते पटलं. गोळीनेच लावलेलं दुखणं आपण दोघं माझा मूळचा आजार समजून बसलो.

आणि आई गेली तेव्हा मी रडले नाही. लोक म्हणाले, बाई किती खंबीर. मलाही वाटलं, आपण खंबीर आहोत. तू कोपऱ्यात बसून लहान मुलासारखा हुंदके देत होतास आणि मी येणाऱ्यांना पाणी देत होते. तुझं रडणं बघून मला थोडी लाज वाटली होती, हेही आज सांगून टाकते.

आता रत्ना.

आपल्या शेजारची पोर. आई दुसऱ्याच्या भातात राबायची, बाप खडीच्या खाणीवर. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होती. गणित असं, की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार. मॅट्रिकला बसणारी वस्तीतली ती माझ्यानंतरची पहिलीच मुलगी. आणि स्वभाव थेट माझा. सराव परीक्षेच्या दिवशी शाळेच्या दारात ओकली. मॅट्रिकच्या मराठीच्या पेपराला कर्जतला नेताना एस.टी.त ओकली. पेपर कसाबसा लिहिला. गणिताचा पेपर दोन दिवसांवर होता.

मीच तुझ्याकडे आले. ‘दादा, रत्नीला एक दे ना, पेपराआधी.’

तू औषधं कुटायचा खरल पुसत होतास. म्हणालास, ‘ल्हान हाय ती, कमल. पोटात बी काय नसतं तिच्या. द्यायचीच तर पाव दे.’

‘पावाने काय होतंय?’ मी हसले. ‘मी दोन घेते, तरी दिवसभर फळ्यापुढे उभी असते.’

‘तुज्या अंगाला सवय हाय.’

म्हणजे ते तुला कळत होतं. शब्द तुझ्याच तोंडून निघाला होता. पण त्याचा अर्थ आपल्या दोघांच्याही डोक्यात शिरला नाही. थोडं मागेपुढे करून तू अर्धी दिलीस. बजावलंस, ‘घरून निघताना दे. वर काय बी देऊ नको.’

पेपर अकराला होता. सकाळी घरून निघताना मी तिला ती अर्धी दिली. पित्ताची आहे, मळमळ थांबेल, असं सांगितलं. ती माझ्या हातून विषही प्यायली असती, इतका तिचा विश्वास. कर्जतला उतरलो तर पोर अजून कापत होती. ओठ पांढरे, हातातली कंपासपेटी खुळखुळत होती. मला वाटलं, अर्धीने काही झालं नाही. कसं होईल? अर्धी म्हणजे माझ्या लेखी काहीच नव्हतं. शाळेच्या फाटकाबाहेर मी पर्स उघडली आणि माझ्यातली एक अख्खी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिने नळाखाली ओंजळ धरून ती घेतली आणि माझ्या पाया पडून आत गेली.

हे तुला माहीत नव्हतं, दादा. अर्धी तुझी होती. अख्खी माझी होती.

तासाभराने शिपाई मला शोधत आला. ‘चौकच्या बाई तुमीच का? तुमची मुलगी झोपली.’ पर्यवेक्षकांनी तिला उठवून तोंड धुवायला लावलं होतं, पुन्हा बाकावर बसवलं होतं. पुन्हा मान खाली. शेवटी पेपर घेऊन तिला बाहेर आणलं, तर ती माझ्याकडे बघून हसली. ‘बाई, लय ग्वाड झोप लागली.’ तिला अजून कळलंच नव्हतं. प्रश्नपत्रिकेवर पहिल्या तीन उदाहरणांसमोर तिने पेन्सिलीने उत्तरं लिहिली होती. चौथ्यासमोर एक आकडा होता आणि त्याचं शेपूट खाली घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलं होतं. संध्याकाळी मी ती तिन्ही उदाहरणं सोडवून पाहिली. तिन्ही बरोबर होती.

मी दवाखान्यात येऊन तुला सांगितलं. तू पायरीवर बसलास. मग म्हणालास, ‘माजी अर्धी बाधली गं पोरीला.’

तिथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणाले, ‘असेल.’

एवढाच एक शब्द. त्यावर तू तेरा वर्षं जगलास.

तू रत्नाच्या बापाकडे तीन खेपा घातल्यास. पुढच्या खेपेला पुन्हा बसवा, पुस्तकं मी आणतो, असं विनवलंस. बाप म्हणाला, ‘गनितात झोपली ती. नाय तिला डोकं. उगा कशाला?’ खरं काय ते सांगावं, असं तू मला म्हणालास. मी म्हणाले, दादा, लोक काय म्हणतील? कंपाउंडरने पोरीला गुंगीची गोळी दिली म्हणतील. तुझी नोकरी जाईल. तुझी काळजी दाखवून मी माझं तोंड झाकलं. दिवाळीनंतर रत्नाचं लग्न झालं आणि ती खोपोलीला गेली. कारखान्यातला मुलगा, बरा निघाला, एवढंच आपलं नशीब.

त्यानंतर तू माझ्या मागे लागलास. गोळ्यांच्या खोक्यातले इंग्रजी कागद तू शब्दकोश घेऊन वाचायला लागलास. डॉक्टरांना प्रश्न विचारून हैराण केलंस. एका रविवारी मला दवाखान्यात बोलावून म्हणालास, ‘सवय लागती, कमल. पक्की लागती. त्या टायवाल्याला लागली नाय, कारण तो इकायचा, खायाचा नाय.’ मी म्हणाले, मला काही सवय नाही, मनात आणलं तर उद्या सोडीन. ‘मग सोड,’ म्हणालास. मी सोडली. तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात उभी राहून पुडी मागताना मी तुला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस. मग खरल माझ्यापुढे ठेवलास. डॉक्टरांशी बोलून तू सगळं ठरवलंच होतंस.

दोन आठवड्यांच्या अठ्ठावीस गोळ्या. त्या मीच कुटायच्या, भर म्हणून दुधाची साखर घालून मीच घोटायच्या, आणि तू त्या भुकटीचे कागदावर अठ्ठावीस सारखे भाग पाडायचास. पुढच्या खेपेला पुड्या अठ्ठावीसच, पण खरलात गोळ्या सत्तावीस. मग सव्वीस. फसवाफसवी नाही, सगळं माझ्या डोळ्यांदेखत. मध्येच मी अडायचे, या महिन्यात कमी नको, परीक्षा आहेत, तपासणी आहे. तू थांबायचास, पण वाढवून कधी दिली नाहीस. मी चिडायचे. ‘आधी दिलीस कशाला? आता काढून घेतोस कशाला?’ तू म्हणायचास, ‘घोट.’ दीड वर्ष लागलं. चार गोळ्या उरल्या तेव्हा सगळ्यात जास्त त्रास झाला. तेव्हा तू रोज शाळा सुटल्यावर सायकल घेऊन फाटकात उभा राहायचास आणि मला बोलत बोलत घरी सोडायचास. काहीही बोलायचास, कुणाला नायटा झाला, कुणाची म्हैस व्याली. मला तेव्हा तुझी कटकट वाटायची.

गोळी सुटल्यावर महिनाभराने, भाकऱ्या थापताना, मला आई आठवली आणि मी रडायला लागले. पीठ तसंच, हात तसेच. ती जाऊन चार वर्षं झाली होती. माझ्यासाठी आई त्या दिवशी गेली.

हे तू मला दिलंस, दादा. माझा राग, माझं रडणं, माझी धडधडसुद्धा तू मला परत आणून दिलीस. तपासणीला अजूनही छाती धडधडते. मी पदर खोचते आणि धडा घेते. पण तू हे सगळं का केलंस? रत्नीचं वाटोळं आपल्या हातून झालं, निदान बहिणीला तरी सोडवू, म्हणून. ते ओझं तुझ्या डोक्यावर मी ठेवलं होतं. मी खरं बोलले असते तर तू मला सोडवायला असा हट्टाला पेटला असतास का? मला माहीत नाही. माझी सुटका माझ्याच खोटेपणावर उभी आहे, आणि त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे हे मला कळत नाही.

सांगायच्या संधी कमी नव्हत्या. रत्ना माहेरी यायची तेव्हा तू तिच्या मुलीसाठी पाटी, पेन्सिली घेऊन जायचास आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता परत यायचास. मी ते बघायचे. शेवटच्या आठवड्यात तू मला जवळ बसवून म्हणालास, ‘रत्नीला सांगायला पायजेल हुतं गं. मी गेलो की सांग. मी दिली म्हनून सांग. तुजं नाव नको घेऊ, तुला शाळंत जायाचंय.’ मी तुझ्या अंगावरची चादर सारखी केली. म्हणाले, ‘बरं.’ बघ, पुन्हा एक शब्द.

तू गेलास त्या दिवशी वस्तीतल्या एका बाईने माझ्या हातात एक गोळी ठेवली. तीच, पिवळी. म्हणाली, ‘घ्या बाई, शांत वाटंल.’ तिचा हेतू चांगला होता. मी ती क्षणभर मुठीत धरली, खोटं कशाला बोलू. मग तिला परत दिली आणि तुझ्या पायाशी बसून मोठ्याने रडले. वस्तीने माझा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

काल मी खोपोलीला गेले. वाटेत माझ्या मनात काय चाललं होतं, तेही ऐक. तू स्वतःच परवानगी दिली होतीस. ‘दादाने दिली’ एवढं सांगितलं असतं तर तेही खोटं नव्हतं. गेलेल्या माणसाला कोण जाब विचारतो? रत्नाने दोन अश्रू गाळले असते, तुला माफ केलं असतं, मला चहा दिला असता आणि मी संध्याकाळच्या एस.टी.ने घरी आले असते.

तिची मुलगी पाचवीत आहे. दारातच अपूर्णांकांची वही घेऊन बसली होती. आईकडे गेली तर रत्ना म्हणाली, ‘माज्याकडं नको आनू गं. मला नाय जमत गनित. बापाला इचार.’ किती सहज म्हणाली. कुणी आपली उंची सांगावी तसं.

मग मी सांगितलं. ती गोळी पित्ताची नव्हती, हे सांगितलं. दादाची अर्धी, आणि फाटकाबाहेर दिलेली माझी अख्खी. दादाने पाव सांगितली होती, तेही सांगितलं. पहिली तीन उदाहरणं बरोबर होती, हेही. रत्ना तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. खूप वेळ ती खडे काढत राहिली. खडे संपले तरी काढत राहिली.

‘तेरा वर्सं, बाई,’ ती शेवटी म्हणाली. ‘मी मला मठ्ठ समजत हुते.’

मी माफी मागितली. तिने निवडलेले तांदूळ डब्यात ओतले. भाऊंबद्दल म्हणाली, ‘त्यांनी तरी खाली मान घातली. तुमी माज्याशी नीट डोळं भिडवून बोलायच्या.’ चहा झाला नाही. मी उठले, चपला घातल्या. ती पोचवायला आली नाही.

मी चाळीच्या जिन्यावर होते तेव्हा वरून हाक आली. ‘बाई!’ ती कठड्याला धरून उभी होती. रडली असावी, किंवा नसेल.

‘ते भायरून मॅट्रिकला बसायचा फारम असतोय नव्हं? त्यो कुठं मिळतोय?’

‘सतरा नंबरचा,’ मी म्हणाले. ‘मी आणते गं. उद्याच आणून देते.’

‘तुमी नको,’ रत्ना म्हणाली. ‘कुठं मिळतोय तेवडं सांगा.’

मी सांगितलं, दादा.